जात्यावरची माउली बहिणाबाई

आम्ही जेमतेम चौथी शिकलो, पण कीर्तनाला उभं राहताना बहिणाबाई चौधरी आठवल्या की धीर येतो. त्यांना तर अक्षराचीही ओळख नव्हती.

जळगावजवळ आसोद्याला १८८० साली नागपंचमीला त्यांचा जन्म. तेराव्या वर्षी लग्न, तिशीतच वैधव्य, पदरी काशी, ओंकार, सोपानदेव ही तीन लेकरं. पण कंठ थांबला नाही. दळताना जात्याच्या घरघरीवर, शेतात राबताना, आपल्या बोलीतच गाणं ओठी यायचं.

लेक सोपानदेव कवी. त्यांनी अन् त्यांच्या मावसभावानं ऐकून ऐकून गाणी उतरवून घेतली. कितीतरी तशीच वाऱ्यावर गेली. ३ डिसेंबर १९५१ ला ही आजी वारली. मग ती वही आचार्य अत्र्यांनी पाहिली, अन् १९५२ साली पुस्तक निघालं. स्वतःचं पुस्तक काही माउलीनं पाहिलं नाही.

आमची आईसुद्धा पहाटे दळताना गायची. आम्ही जवळच निजायचो, पण एक ओवी उतरवून घेतली नाही. आता जातं कोपऱ्यात पडलंय, ओव्या आईबरोबर गेल्या.

म्हणून दिंडीतल्या लेकरांना हात जोडून सांगणं, घरात म्हातारी गात असेल तर आजच वही घेऊन तिच्यापाशी बसा. रामकृष्ण हरी!