नामदार गोखले आणि ती तेरा मते

गणेशोत्सव आला की लोकमान्य टिळकांचे स्मरण होते, आणि ते व्हायलाच हवे. आरती, व्याख्यान, मुलांच्या स्पर्धा, महाप्रसाद हे सगळे आपण आज बिरसासारख्या ठिकाणी, महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहून करतो, त्याची मुळे त्यांनीच रोवली. पण त्याच पुण्यातल्या दुसऱ्या एका माणसाची आठवण आपल्या स्मरणिकेत क्वचितच निघते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले. बहुतेकांना त्यांच्याविषयी दोनच गोष्टी ठाऊक असतात : ते मवाळ होते आणि ते गांधीजींचे राजकीय गुरू होते. ते कायदेमंडळात काय करत होते, कशाच्या बाजूने उभे राहिले, कशाच्या विरुद्ध गेले, किती वेळा हरले, हे आम्हांलाही फारसे ठाऊक नव्हते. या वर्षी ते वाचून काढले. जे हाती आले ते मंडळाच्या कुटुंबांपुढे ठेवत आहोत.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. घर गरिबीचे. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवले. म्हणजे घर चालवायला सात आणि भावाच्या शाळेला आठ. आपल्या पुष्कळ घरांत असा एखादा थोरला भाऊ होऊन गेला आहे. त्याचे नाव कुठल्या पाटीवर नसते, पण घर त्याच्यावरच उभे असते. पुढे गोखल्यांनी साऱ्या देशातील मुलांच्या शाळेसाठी जो हट्ट धरला, त्याचा उगम या आठ रुपयांत असावा असे आम्हांला वाटते.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. मग पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक कित्येक शाळांतून चालले. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना सरकारी अहवाल आणि आकड्यांची कोष्टके वाचायला शिकवले. आणखी एका गृहस्थाचे नाव इथे घेतलेच पाहिजे : गणेश व्यंकटेश जोशी. हे सोलापूरचे हेडमास्तर, सरकारी शिक्षण खात्याचे नोकर. हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा त्यांच्याइतका बारीक अभ्यास त्या काळी फार थोड्यांनी केला असेल. गोखल्यांच्या भाषणांमागची पुष्कळशी आकडेवारी जोशीमास्तरांनी जुळवून दिलेली असे. भाषण गोखले करत, नाव गोखल्यांचे होई, आणि मास्तर दुसऱ्या दिवशी शाळेत जात. आम्ही स्वतः राज्य सरकारच्या नोकरीतले, पदविकेपर्यंत शिकलेले. दिवसाचा बराच वेळ अंदाजपत्रके आणि माप-पुस्तिका यांत जातो. त्यामुळे हा मजकूर वाचताना क्षणभर थांबावेसे वाटले.

१८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले लंडनला गेले आणि तिथे त्यांच्या हातून एक चूक झाली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना मित्रांकडून आली होती. त्यांवर विसंबून त्यांनी तिथल्या वृत्तपत्रात आरोप केले. परत आल्यावर पुराव्यासाठी कोणी पुढे येईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. भित्रा, कचखाऊ म्हणून त्यांची छीथू झाली. पण पत्रे लिहिणाऱ्या मित्रांची नावे त्यांनी सांगितली नाहीत. त्यानंतरची त्यांची भाषणे पाहिली, तर आधी आकडा पुढे येतो आणि मगच आरोप. तो चटका जन्मभर पुरला असावा.

१८९९ च्या अखेरीस ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले. दुष्काळाने शेतकरी मोडला होता, सारा थकला होता. १९०१ मध्ये सरकारने जमीनमहसूल कायद्यात दुरुस्ती आणली. थकबाकीपोटी सरकारजमा झालेली जमीन परत द्यायची, पण ती विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा हक्क काढून घेऊन. सावकारापासून शेतकऱ्याला वाचवतो आहोत, असे सरकारचे म्हणणे. ज्या शेतकऱ्याला पत हवी त्याचीच पत तुम्ही काढून घेता आहात, असे गोखल्यांचे म्हणणे. विधेयक आधी लोकांच्या मतासाठी पाठवावे ही मागणी फेटाळली गेली, तेव्हा फिरोजशहा मेहता, गोखले आणि आणखी काही सदस्य सभागृहातून उठून गेले. सभात्याग आज रोजचा झाला आहे. त्या काळी तो साधा नव्हता. मवाळांचा हा सभात्याग आम्हांला तरी ठाऊक नव्हता.

त्याच वर्षी मेहतांच्या रिकाम्या झालेल्या जागी गोखल्यांची निवड कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळावर झाली. तिथून मरेपर्यंतची तेरा वर्षे ते त्या सभागृहात होते. या सभागृहाचा आपल्या भागाशी थेट संबंध होता. बालाघाट जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात, आणि मध्य प्रांताला १९१३ पर्यंत स्वतःचे कायदेमंडळच नव्हते. बैहर-बिरसाच्या रयतेने कोणता कर भरायचा, हे तिकडेच ठरे. सभेची रचना अशी की, व्हाइसरॉय अध्यक्ष आणि सरकारी अधिकाऱ्यांचे बहुमत कायम. अर्थसंकल्पावर वर्षातून एकदा बोलता येई, मत देता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनंतर सदस्य वाढले, ठराव मांडण्याचा हक्क मिळाला, तरी सरकारी बहुमत तसेच राहिले. म्हणजे सामना सुरू होण्यापूर्वीच निकाल ठरलेला. तरीही ते दरवर्षी तयारी करून जात.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांचे अर्थसंकल्पावरील पहिले भाषण झाले. वय पस्तीस. सरकार सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवून खुशीत होते. इतर सदस्य अभिनंदन करत होते. गोखल्यांनी हिशेब उलगडला. १८९३ साली टांकसाळी खुल्या नाण्यांसाठी बंद करून सरकारने रुपयाचा भाव चढवला होता. तेरा पेनीपर्यंत उतरलेला रुपया सोळा पेनीवर आला. त्यामुळे विलायतेला पाठवायच्या पौंडांसाठी कमी रुपये लागू लागले, पण लोकांवरचे कर मात्र जुन्या तंगीच्या काळातले तसेच राहिले. शिल्लक आली ती यातून. ती भरभराटीची खूण नव्हती. रयत दुष्काळात मरत असताना गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची ती खूण होती.

मग त्यांनी मिठाचा प्रश्न धरला. मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. कर चढला की मिठाचा खप उतरतो, म्हणजे गरीब माणूस मीठसुद्धा हात आखडून खातो, हे त्यांनी सरकारच्याच कोष्टकांवरून दाखवले. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या मुलखात, जिथे मीठ बाहेरूनच यायचे, या मुद्द्याचे वजन सांगायला नको. पुढे १९०३ मध्ये कर दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया. १९०३ मध्येच आयकराची माफी पाचशेवरून हजार रुपयांपर्यंत नेली गेली. हे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे बरोबर नाही. पण दरसाल हा प्रश्न उभा करणारा माणूस तोच होता. बैहरच्या बाजारात मीठ विकत घेणाऱ्याने त्यांचे नाव कधी ऐकलेही नसेल.

त्यांचा बाकीचा लेखाजोखाही पाहण्यासारखा आहे. सरकारी गुपितांचा कायदा कडक करणाऱ्या दुरुस्तीला त्यांचा विरोध. लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या विद्यापीठ कायद्याला विरोध. १९०७ च्या सभाबंदी कायद्याला विरोध. शेतकऱ्यांच्या सहकारी पतपेढ्यांचा १९०४ चा कायदा आला, तेव्हा मात्र सूचना करून पाठिंबा. सरकारचे म्हणून सगळेच वाईट, असे त्यांनी केले नाही.

पण या लेखाजोख्यात एक नोंद अशीही आहे, जी गाळून पुढे जाणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. फेब्रुवारी १९१० मध्ये वृत्तपत्रांवर जामिनाचे जोखड घालणारा कायदा आला. छापखान्याकडून आगाऊ अनामत घ्यायची आणि मजकूर नापसंत पडला तर ती जप्त करायची. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. गोखल्यांनी या विधेयकाला विरोध केला नाही. काही दुरुस्त्या सुचवल्या आणि शेवटी पाठिंबा दिला. देशात दहशतीच्या घटना वाढत होत्या, सुधारणा नुकत्याच पदरात पडल्या होत्या, त्या निसटतील अशी त्यांना भीती असावी. कारण काहीही असो, या कायद्याने पुढे अनेक देशी पत्रांची मुस्कटदाबी केली. मवाळ या शब्दातली टीका इथे खरी ठरते. मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना त्याचे चुकलेले मत झाकले, तर बरोबर ठरलेल्या मतांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

त्याच महिन्याच्या २५ तारखेला त्यांनी दुसरा एक ठराव मांडला. करारबद्ध मजूर नाताळला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत, पाठवणे बंद करा. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. मग ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सर्वच वसाहतींसाठी ही गिरमिटाची पद्धत बंद करण्याचा ठराव आणला. पाच वर्षांचा करार, काम सोडले तर तुरुंग, आणि अडाणी माणसाला आपण कुठे चाललो हेही माहीत नाही. आपल्या मध्य प्रांतातूनही माणसे अशी फिजीकडे गेली. ठरावाच्या बाजूने २२ मते पडली, विरुद्ध ३३. ठराव पडला. पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, सरकारला ही भरती थांबवावीच लागली.

आता शिक्षणाचे विधेयक. त्यांच्या कामातले हे सर्वांत मोठे. मार्च १९१० मध्ये त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि सरकारच्या आश्वासनावर मागे घेतला. आश्वासन म्हणजे काय, हे वर्षभरात कळले. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी स्वतःच विधेयक आणले. ते फार सावध होते. नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांनी सरकारच्या परवानगीने, आणि जिथे आधीच पुरेशी मुले शाळेत जात आहेत तिथेच, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करावी. मुलींसाठी सवडीने पुढे. महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या घराकडून फी घ्यायची नाही. खर्चाचे दोन हिस्से सरकारने सोसावे, एक स्थानिक संस्थेने. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ पासून आपल्या सर्व राज्यात सक्ती केलीच होती. तेव्हा हे अशक्य आहे, असे म्हणायला जागा नव्हती.

तरी विरोध झाला. सरकार म्हणाले, वेळ आलेली नाही, पैसा नाही. काही जमीनदारांना शेतावरची पोरे शाळेत गेली तर राबणार कोण, ही काळजी. आपल्यातलेही सगळे बाजूला नव्हते, हे लक्षात ठेवावे. मदनमोहन मालवीय, जीना यांच्यासारखे सदस्य पाठिंब्याला उभे राहिले. दोन दिवस चर्चा होऊन १९ मार्च १९१२ रोजी मते मोजली. बाजूने १३, विरुद्ध ३८. विधेयक समितीकडेसुद्धा गेले नाही.

निकाल काय लागणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते आणि त्यांनी तसे सभागृहात सांगितलेही होते. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून सेवा करणे आले आहे, अशी त्यांची समजूत होती. यापुढे तीनच वर्षे उरली होती. मधुमेहाने पोखरलेले शरीर घेऊन ते १९१२ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेला गेले, गांधीजींबरोबर हिंडले. परत येऊन सरकारी नोकऱ्यांच्या कमिशनवर काम केले. देऊ केलेली सर पदवी नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते वारले. वय अठ्ठेचाळीस. अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांची थोरवी सांगायला लोकमान्य टिळक उभे राहिले. आयुष्यभराचा विरोध त्या दिवशी त्यांनी बाजूला ठेवला.

त्या तेरा मतांचे पुढे काय झाले? १९१८ मध्ये मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेलांनी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला. १९२० मध्ये आपल्या मध्य प्रांताने केला. घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ साल उजाडले आणि प्रत्यक्ष कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. गोखल्यांनी मागितले होते सहा ते दहा, मिळाले सहा ते चौदा, मुलामुलींना सारखेच. मधे अठ्ठ्याण्णव वर्षे गेली.

आमची आजी अंगठा उठवत असे. तिचा जन्म त्या तेरा मतांनंतरचा. विधेयक तेव्हा पास झाले असते, तरी ते मुलग्यांसाठीच होते. म्हणून तिची पाटी त्यामुळे लिहिली गेली असती, असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्या भावांची गेली असती, आणि एका घरात एक पाटी आली की दुसरी यायला वेळ लागत नाही.

आज बिरसा भागात शाळेची खोली नाही असे म्हणता येणार नाही. खोलीचे अंदाजपत्रक आम्हीच कधी तरी केलेले असते. पण पेरणी-कापणीच्या दिवसांत, मोहाच्या हंगामात किती मुले त्या खोलीत बसलेली असतात, हे आपण सगळे येता-जाता पाहतो. सक्तीचा कायदा आहे, मोफत आहे, आणि तरी पोरगी धाकट्या भावाला सांभाळत घरी आहे. हे काम कायदेमंडळातल्या मतांनी होण्यासारखे आता राहिलेले नाही. उत्सवाच्या वर्गणीतून एखाद-दोन मुलींच्या वह्या-पुस्तकांची आणि बसच्या पासाची सोय मंडळाने करावी, अशी आमची सूचना आहे. गोविंदरावांच्या आठ रुपयांएवढीच ती लहान आहे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत ती आम्ही मांडू. मतांना टाकली गेली आणि पडली, तर पुढच्या वर्षी पुन्हा मांडू.

गणपती बाप्पा मोरया.