कोशकार डॉ. जॉन्सन

इंग्रजीच्या तासाला एखाद्या लांबलचक शब्दाचा अर्थ सांगताना आम्हांस सहसा अडचण पडत नाही. परंतु कोणी 'टेक' किंवा 'पुट' याचा अर्थ विचारला, की आमची त्रेधा उडते. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि तिसरी ही इंग्रजी! मुलांना अर्थ सांगावा तो कोणत्या शब्दांत? अशा वेळी आम्हांस डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचे स्मरण होते.

इंग्लंडातील लिचफील्ड गावी एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी १८ सप्टेंबर १७०९ रोजी त्यांचा जन्म झाला. गंडमाळेच्या विकाराने लहानपणीच दृष्टी अधू झाली. तरी वडिलांच्या दुकानातील ग्रंथांचा त्यांनी फडशा पाडला. पुढे ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात ते दाखल झाले. तेथे त्यांचे फाटके जोडे पाहून कोणी दयेने दाराशी नवे जोडे ठेवले, ते त्यांनी संतापाने फेकून दिले. पैशांअभावी सुमारे तेरा महिन्यांतच कॉलेज सुटले. मग काढलेली शाळाही चालली नाही. (आमच्याच व्यवसायातील हे बंधू!) अखेर १७३७ साली, पुढे नट म्हणून गाजलेला आपला विद्यार्थी डेव्हिड गॅरिक याच्यासह ते लंडनला गेले.

१७४६ साली तेथील ग्रंथविक्रेत्यांनी पंधराशे गिनींच्या कराराने इंग्रजी कोशाचे काम त्यांच्यावर सोपविले. गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा मदतनीस घेऊन ते कामास लागले. तीन वर्षांचा बेत लांबत गेला. मध्येच, १७५२ साली, पत्नी निवर्तली. १५ एप्रिल १७५५ रोजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे बेचाळीस हजार शब्द होते.

जॉन्सन यांना खरे छळले ते सोप्या शब्दांनी. अर्थ सांगावयास मूळ शब्दाहून सोपा शब्द हवा. पण सर्वांत सोप्या शब्दाहून सोपा आणावा कोठून? ही अडचण त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मांडली आहे. एकट्या 'टेक'चे त्यांनी १३४ अर्थ दिले. 'नेटवर्क', म्हणजे साधी जाळीदार वीण. पण तिचा अर्थ त्यांनी अशा अवजड लॅटिन शब्दांत सांगितला, की तो समजण्यास दुसरा कोश उघडावा! घोड्याच्या खुरावरील भागाचे एक नाव आहे. त्याचा अर्थ त्यांनी चक्क गुडघा असा दिला. एका बाईंनी कारण विचारता, केवळ अज्ञान, असे त्यांनी तत्काळ कबूल केले. वर्गात असे उत्तर देण्याचे धैर्य आम्हांस अद्याप झालेले नाही.

राजाकडून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा अर्थ देताना त्यांनी कोशात ते घेणाऱ्यांस टोमणा मारला होता. १७६२ साली तसेच सालीना ३०० पौंडांचे वेतन त्यांनाच देऊ केले गेले आणि, थोड्या विचारानंतर, त्यांनी ते स्वीकारले. १३ डिसेंबर १७८४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले व वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांना पुरण्यात आले.