सालिम अली आणि किहीमची सुगरण



आपल्या कॅरीत परसात कार्डिनल आला की मुलं लगेच नाव सांगतात. भारतातल्या पक्ष्यांची नावं मात्र चिमणी-कावळ्यापुढे आम्हां मोठ्यांनाही पटकन आठवत नाहीत. म्हणून या वेळी सालिम अलींची ओळख.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी खेतवाडीत वाढवलं. छर्र्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून हा मुलगा चौकशीला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. सचिव मिलार्ड यांनी नाव सांगितलंच, वर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. तिथूनच हे वेड लागलं.

पदवी नव्हती. तरी मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरी मिळाली. बर्लिनला स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून १९३० साली परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! (लेऑफ म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको.) मग पत्नी तेहमिनासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले.

तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. रिकामा वेळ भरपूर, तेव्हा ते रोज तासन् तास खोपे बघत बसले. खोपा विणतो नर. अर्धवट झाला की मादी येऊन पाहणी करते, पसंत पडला तरच राहते. तो पुरा करून नर दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी! बहिणाबाईंनी श्रेय सुगरणीला दिलं, पण कष्ट सुगरणरावांचे. हा अभ्यास १९३१ साली छापून आला.

पुढे हैदराबाद, त्रावणकोर अशा संस्थानांत पक्ष्यांची पाहणी. कुठला पक्षी कुठल्या रानात राहतो, काय खातो, घरटं कधी बांधतो, हे जिवंत पक्षी बघून टिपायचं. तेहमिनाबाई तंबूत सोबत असत. १९३९ साली शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. हा घाव मोठा होता, पण काम थांबलं नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. नंतर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनचे रिप्ले यांच्यासोबत दहा खंड लिहिले (१९६८ ते १९७४).

भरतपूरची पाणथळ जागा शेतीसाठी मोकळी करा, अशी मागणी स्वातंत्र्यानंतर झाली. मागणी करणारेही गरजू शेतकरीच होते. सालिम अलींनी नेहरूंपर्यंत बाजू मांडली आणि ती जागा वाचली. १९८५ साली ती जागतिक वारसा यादीत गेली.

२० जून १९८७ रोजी ते गेले. २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्याचा पहिला दिवस मारुती चितमपल्लींचा जन्मदिन, शेवटचा सालिम अलींचा.