विश्वाचा आरंभ शोधणारे धर्मगुरू : फादर जॉर्ज लमेत्र

विज्ञान शिकले की श्रद्धा सुटते, अशी भीती अनेक ख्रिस्ती पालकांच्या मनात असते. याउलट काही भाविक विज्ञानाच्या प्रत्येक नव्या शोधात देवाचा पुरावा पाहू लागतात. ही दोन्ही टोके टाळणाऱ्या एका धर्मगुरूच्या जीवनाचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरॉय येथे झाला. येशूसंघीयांच्या शाळेत शिकल्यानंतर त्यांनी लुव्हेन विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू केले. १९१४ साली महायुद्ध पेटताच ते स्वेच्छेने सैन्यात गेले, तोफखान्यात लढले आणि युद्धपदकाचे मानकरी ठरले. युद्धानंतर मात्र अभियांत्रिकी मागे पडली. १९२० साली त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली आणि ते सेमिनरीत दाखल झाले. सप्टेंबर १९२३ मध्ये कार्डिनल मर्सिए यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर केंब्रिज येथे एडिंग्टन यांच्या व पुढे अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत शॅपली यांच्या सहवासात त्यांनी खगोलशास्त्राचा अभ्यास केला.

१९२७ साली त्यांनी आइन्स्टाइन यांच्या समीकरणांच्या आधारे विश्व प्रसरण पावत असल्याचे मांडले. दीर्घिका जितकी दूर, तितक्या अधिक वेगाने ती आपल्यापासून दूर जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी ब्रसेल्स येथे आइन्स्टाइन यांची भेट झाली. त्यांनी गणित मान्य केले. निष्कर्ष मात्र नाकारला. लेख फ्रेंच भाषेतील, फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात आला होता. पुढे १९२९ साली हबल यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली आणि नियमाला त्यांचेच नाव पडले. १९३१ साली लेखाचे इंग्रजी भाषांतर करताना फादरांनी प्रसरणाचा दर सांगणारा भाग स्वतःच वगळला. श्रेयासाठी ते कधी भांडले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी विश्वाचा आरंभ एका आद्य अणूतून झाला असावा, ही कल्पना मांडली. आज आपण जिला महास्फोट म्हणतो, तिचे हे बीज होय.

खरी कसोटी १९५१ साली आली. पोप बारावे पायस यांनी आपल्या भाषणात या नव्या विज्ञानाची सांगड देवाच्या निर्मितीकार्याशी घातली. कोणत्याही धर्मगुरूला अभिमान वाटावा असा तो क्षण! फादर लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. वैज्ञानिक सिद्धान्त उद्या बदलू शकतो. त्यावर श्रद्धेचा पाया रचला, तर सिद्धान्ताबरोबर तोही डळमळेल. शिवाय त्यांच्या मते हा सिद्धान्त आस्तिक आणि नास्तिक दोघांनाही सारखाच खुला होता. पुढील वर्षी रोम येथे खगोलशास्त्रज्ञांशी बोलताना पोप महोदयांनी तशी सांगड घातली नाही.

१९६० पासून अखेरपर्यंत फादर लमेत्र परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. आरंभीच्या विश्वातून उरलेल्या प्रारणाचा शोध लागल्याची वार्ता त्यांना अखेरच्या आजारपणात कळली. २० जून १९६६ रोजी त्यांनी देह ठेवला. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे, अशी शिफारस केली.

फादरांनी वेदीवर समीकरणे नेली नाहीत आणि फळ्यावर देवाला सिद्ध करू पाहिले नाही. सत्याकडे नेणाऱ्या दोन्ही वाटा त्यांनी निष्ठेने चालल्या. आपल्या मुलांच्या हाती विज्ञानाचे पुस्तक देताना आम्हांला हे उदाहरण पुरेसे वाटते.