फुलपांखरांची चरित्रकर्त्री : मारिया सिबिला मेरियन

पावसाळा सरला म्हणजे आमच्या शाळेच्या बागेंत शंकासुराच्या फुलांवर फुलपांखरांची झुंबड उडते. मुलें त्यांच्यामागें धांवतात. परंतु शेजारच्या पानावर सुरवंट दिसला कीं नाक मुरडून दूर सरतात. अशा वेळीं आम्हांस एका थोर स्त्रीचें स्मरण होतें.

मारिया सिबिला मेरियन हिचा जन्म १६४७ सालीं जर्मनींतील फ्रँकफर्ट शहरीं झाला. ती तीन वर्षांची असतांनाच तिचे वडील वारले. सावत्र वडील फुलांचीं चित्रें काढीत. त्यांच्यापाशीं ती कुंचला धरावयास शिकली. तेराव्या वर्षीं तिनें रेशमाचे किडे पाळले. किडे चिखलांतून वा कुजलेल्या पदार्थांतून आपोआप उपजतात, अशी त्या काळीं बहुतेकांची समजूत होती. मारियेनें वाद घातला नाहीं. तिनें केवळ पाहिलें. अंडें, सुरवंट, कोश व फुलपांखरूं हा क्रम, आणि कोणता सुरवंट कोणतें पान खातो हें, तिनें दिवसामागून दिवस टिपून ठेविलें. लग्नानंतर न्युरेंबर्ग येथें संसार व मुली सांभाळून मेरियनबाईंनीं हेंच काम चालविलें, व १६७९ सालीं सुरवंटांवरील आपला पहिला ग्रंथ प्रसिद्ध केला.

पुढें पतीपासून विभक्त होऊन त्या १६९१ सालीं आम्स्टरडाम येथें राहावयास आल्या. तेथील धनिकांच्या संग्रहांत टांचणीनें टोंचलेलीं परदेशी फुलपांखरें त्यांनीं पाहिलीं. पण त्यांचे सुरवंट कोठें होते? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसूं देईना. १६९९ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, आपलीं चित्रें विकून त्यांनीं खर्च उभा केला व धाकट्या मुलीस घेऊन दक्षिण अमेरिकेंतील सुरिनामला प्रयाण केलें. साखरेवांचून दुसरें कांहीं न जाणणारे तेथील मळेवाले त्यांना हंसले. गुलाम व तद्देशीय लोकांनीं मात्र साहाय्य केलें. शंकासुराचें चित्र काढतांना बाईंनीं त्या गुलाम स्त्रियांचें दुःखही लिहून ठेविलें: आपलीं लेंकरें गुलामगिरींत जन्मूं नयेत म्हणून त्या माता त्याच्या बियांचा आश्रय घेत.

दुखण्यामुळें बाईंना १७०१ सालीं परतावें लागलें. १७०५ सालीं साठ चित्रांचा त्यांचा सुरिनामवरील ग्रंथ निघाला, व १७१७ सालीं आम्स्टरडाम येथें त्यांचा अंत झाला.

२०१३ सालीं, सुरिनामच्या शेजारील फ्रेंच गियानाच्या किनाऱ्यावर पेंटेड लेडी जातीचीं फुलपांखरें आढळलीं. तीं आफ्रिकेंतून अटलांटिक महासागरावरून निदान ४२०० किलोमीटर उडत आलीं होतीं, असें शास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं दाखविलें. हीच जात आपल्या महाराष्ट्रांतही दिसते. तेव्हां बागेंतील पाहुण्याचे पंख पाहूनच विद्यार्थ्यांनीं थांबूं नये. पान उलटावें, सुरवंट शोधावा, व दिसेल तें तारखेसह वहींत लिहावें. मेरियनबाईंचा आरंभही एवढ्यानेंच झाला होता.