पंडिता रमाबाई आणि शब्दांचा शोध

विद्यार्थ्यांनो, झोंपेंत जें दिसतें त्यास आपण स्वप्न म्हणतों, आणि शब्द ओळखीचा म्हणून पुढें वाचूं लागतों. परंतु परभाषेंतील ग्रंथ मायबोलींत आणणारास प्रत्येक शब्दापाशीं थांबावें लागतें. असे कष्ट उतारवयांत घेणाऱ्या पंडिता रमाबाईंचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

त्यांचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविलें. तें ज्ञान रमाबाईंस आईकडून मिळालें. १८७४ सालीं दुष्काळांत आईबापांचें छत्र हरपलें. बंधु श्रीनिवास यांजबरोबर पायीं हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथें त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. परंतु १८८० सालीं भाऊ व १८८२ सालीं पति निवर्तले. तान्ह्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ता. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत शारदा सदन काढलें; पुढें केडगांवीं मुक्तिसदनांत दुष्काळानें निराश्रित झालेल्या शेंकडों मुलींस आसरा दिला.

पवित्र शास्त्राचें संस्कृतप्रचुर मराठी या मुलींस समजेना. म्हणून पंडिताबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि त्यांनीं स्वतः भाषांतर आरंभिलें.

हें काम किती बारीक, तें एका शब्दावरून पाहा. योसेफास बाळासह मिसरांत पळून जाण्याची सूचना झाली, तेथें ग्रीक शब्द ओनार आहे. नव्या करारांत तो सहा वेळां, आणि केवळ मत्तयाच्या शुभवर्तमानांत येतो. प्रेषितांच्या कृत्यांत एनुप्निऑन, म्हणजे झोंपेंतलें, असा निराळा शब्द आहे. त्यांतील हुप्नोस म्हणजे झोंप. हा शब्द व आपला स्वप्न हे एकाच प्राचीन मुळाचे अंकुर होत. तिसरा शब्द होरामा, म्हणजे दर्शन. तें जागेपणींहि घडतें. त्यास दृष्टांत म्हणावें, तर न्यायशास्त्रांत त्याचा अर्थ उदाहरण. खेड्यांतील बाईस मात्र तो देवानें दिलेला संकेत वाटतो! विद्वानाचा अर्थ धरावा कीं त्या बाईचा, हा प्रश्न भाषांतरकारास पदोपदीं पडतो. पंडिताबाईंची दृष्टि त्या बाईकडे होती.

१९२१ सालीं मनोरमा वारली. तरीहि काम थांबलें नाहीं. ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं पंडिताबाई निवर्तल्या, आणि १९२४ सालीं संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला. मुक्तीच्या छापखान्यांत त्याचे खिळे तेथील स्त्रियांनींच जुळविले होते.

सांगलीच्या आमच्या मुलामुलींनीं हें ध्यानीं धरावें कीं, विद्या मोठी होते ती निरक्षराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोंचल्यानें.