लीळासंग्राहक पंडित म्हाइंभट

सराळ्याचे म्हाइंभट हे धनसंपन्न व वादनिपुण शास्त्री होते. डोमेग्रामी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या भेटीत त्यांचा विद्याभिमान गळाला. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर त्यांनी ऋद्धिपुरी श्रीनागदेवाचार्यांच्या सन्निध अनुसरण घेतले.

आचार्य एकान्ती स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. ते जाणून म्हाइंभटांनी लीळा लिहून ठेवण्याची अनुज्ञा मागितली, आणि इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. ज्याने लीळा पाहिली त्याच्याकडे ते स्वतः जात व ऐकलेले आचार्यांकडून पारखून घेत. संस्कृताचे पंडित असूनही त्यांनी सांगणाऱ्याची मराठी वाणी राखली. महदाइसेचे प्रश्न शास्त्रभाषेत घातले असते, तर तिची जिज्ञासा आणि उत्तरातील स्वामींचे वात्सल्य दोन्ही लोपली असती.

या निष्ठेचे मोल पुढे कळले. केशिराजबासांनी लीळांतील वचने निवडून सूत्रपाठ रचला. परंतु कोणते सूत्र कोणास, कोठे व कोणत्या प्रसंगी निरूपिले, हे लीळेवाचून उमगत नाही. मूळ पोथी परचक्रात हरपल्यावर हिराइसादिकांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. स्मरणे भिन्न पडली तेथे वासना म्हणून पाठभेद नोंदले गेले. एक पाठ पुसून कथा सलग करणे सोपे होते. तथापि पाहणाऱ्याची दृष्टी व त्याचा शब्द जपण्याची म्हाइंभटांची रीतच पुढीलांनी पाळली. सूत्राचा अर्थ लावणाऱ्याने आधी लीळा सांगणारा ओळखावा, हेच या चरित्राचे तात्पर्य होय.